वॉरंटीतल्या गाडीत वेगळ्या ग्रेडचं ऑइल टाकायचंय? आधी हे करा

पाण्यासारखं पातळ ०डब्ल्यू-२० ग्रेडचं ऑइल इंजिनात ओतताना पाहिलं की भल्याभल्यांच्या मनात पाल चुकचुकते. "जरा जाड टाका, इंजिन टिकेल," असं कुणीतरी म्हणतंच. सल्ला दरवेळी चुकीचा असतो असं नाही. पण गाडी वॉरंटीत असेल तर मान डोलावण्याआधी अर्धा तास खर्च करा.

सुरुवात मॅन्युअलपासून. ऑइल भरायच्या झाकणावर बहुधा एकच ग्रेड छापलेली असते, तेवढ्यावर थांबू नका. बऱ्याच मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार कोणकोणत्या ग्रेड चालतील याचा तक्ता असतो. त्याखाली बारीक अक्षरांत कधी एखादी सवलतही सापडते: ०डब्ल्यू-२० मिळालं नाही तर ५डब्ल्यू-३० चालेल, मात्र पुढच्या वेळी परत ०डब्ल्यू-२० च टाका. तुम्हाला हवी ती ग्रेड तिथे असेल तर अटीसकट ती पाळा, वॉरंटीची चिंता नको. "याच इंजिनाला दुसऱ्या देशात जाड ऑइल सांगतात" हा युक्तिवाद खरा असू शकतो, पण क्लेमच्या वेळी तुमच्याच गाडीचं मॅन्युअल उघडलं जातं.

ग्रेड तक्त्यात नसेल तर फरक किती मोठा आहे ते बघा. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा तापलेल्या इंजिनातला जाडपणा. १०० अंश सेल्सिअसला २० चं ऑइल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्सच्या (जाडपणा मोजायचं एकक) दरम्यान असतं, ३० चं ९.३ ते १२.५ आणि ४० चं १२.५ ते १६.३. म्हणजे २० वरून ३० वर जाणं ही एक पायरी. थेट ५० वर जाणं ही उडी. आजच्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा आणि टायमिंग चेनचा टेन्शनर बहुधा ऑइलच्या दाबावरच चालतात, आणि फार जाड ऑइल थंड इंजिनात तिथवर उशिरा पोचतं. उलट, सांगितल्यापेक्षा पातळ ऑइल टाकणं मला जास्त धोक्याचं वाटतं: बेअरिंगवरचा थर भाराखाली तुटला की धातूला धातू घासतो.

आता डब्याच्या मागची बाजू वाचा. माझ्या मते लोक फसतात ते इथे, ग्रेडमध्ये नाही. मॅन्युअलने एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेला ऑइलचा एक दर्जा) मागितलं असेल आणि तुम्ही आकडे जुळतात म्हणून जुन्या दर्जाचं ऑइल आणलंत, तर टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात कमी वेगावर अवेळी स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असेल तर कमी राखेचं, म्हणजे एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या 'सी' गटातलं ऑइल लागतं. दुसरं टाकलंत तर राख साठून फिल्टर चोंदत जातो.

मग सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. ईमेल पुरे. फोनवरचं "चालतंय हो" वादाच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

वॉरंटी अशी एका झटक्यात सगळी रद्द होत नाही. खिडकीची मोटर बिघडली तर ऑइलचा प्रश्नच येत नाही. बेअरिंग गेलं तर तो पहिला प्रश्न असतो. आणि ब्रँड वेगळा, ग्रेड वेगळी. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार 'आमच्याच ब्रँडचं ऑइल वापरा' अशी अट, ते फुकट देत नसेल तर, कंपनीला सहसा घालता येत नाही. पण अमुक ग्रेड आणि दर्जा हवा, असं ती जरूर सांगू शकते.

शेवटचं काम कागदांचं. माझ्या एका जुन्या बिलावर नुसतं "इंजिन ऑइल, ३.५ लि." एवढंच आहे. त्यातून काय सिद्ध करणार, कपाळ? तेव्हापासून मी ग्रेड, दर्जा, तारीख आणि किलोमीटर लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडत नाही आणि डब्याच्या लेबलचा फोटोही काढतो.

चुकीचं ऑइल आधीच पडलं असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका. ते काढून योग्य ऑइल भरा, फिल्टरही बदला, आणि त्याचंही बिल त्याच फाइलला लावा.