मॅक की विंडोज? आधी फाईलचा रस्ता पाहा

लग्नसराई संपून हातात चार पैसे आले, की सातारा-सांगलीकडच्या स्टुडिओत प्रश्न निघतोच: या वेळी मॅक घ्यायचा का? बहुतेक जण लगेच प्रोसेसरची तुलना करत बसतात. त्याआधी एक कागद घ्या आणि दोन रकाने पाडा. पहिल्यात लिहा, फाईल तुमच्याकडे कुणाकडून आणि कोणत्या स्वरूपात येते. दुसऱ्यात लिहा, काम झाल्यावर ती कुणाकडे जाते. कॅमेरावाला, ड्रोनवाला, व्हिडिओ मिक्सिंगवाला, अल्बमची लॅब, फ्लेक्सवाला, पत्रिका छापणारा प्रेसवाला, कुणाला सोडू नका. निम्मा निर्णय या कागदावरच होतो.

दुसऱ्या रकान्यात प्रेस आणि फ्लेक्स जास्त असतील, तर कोरलड्रॉ हे छपाईच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर आलंच. २०१९ पासून कोरलड्रॉ मॅकवरही मिळतं, त्यामुळे अडचण कोरलची नाही, मराठी टायपिंगची आहे. श्रीलिपी, आकृती या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. ती फॉन्टची फाईल मॅकवर टाकता येते, पण विंडोजसाठी घेतलेलं टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल (यूएसबीत लावायची परवान्याची चावी) मॅकवर चालत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलची एम१ चिप आली आणि त्या मशीनवर बूट कॅम्पची, म्हणजे मॅकवर थेट विंडोज टाकण्याची, सोय राहिली नाही. पॅरलल्स या सॉफ्टवेअरमध्ये मॅकच्या आतच विंडोज चालतं खरं, पण ते एआरएम जातीचं, म्हणजे इंटेलहून वेगळ्या चिपसाठीचं. साधे प्रोग्रॅम त्यावर उघडतात. डोंगलचा ड्रायव्हर मात्र एआरएमसाठीच बनवलेला नसेल, तर डोंगल ओळखलंच जात नाही. निम्म्याहून जास्त कमाई अशा कामावर असेल तर विंडोजच घ्या, मन दोन ठिकाणी ठेवू नका. कधीतरी एखादी पत्रिका करणाऱ्याला युनिकोड फॉन्ट पुरतो, तो डोंगलशिवाय दोन्हीकडे चालतो. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे दोन्ही फुकट आहेत. प्रेसला देताना अक्षरं कर्व्ह करून (रेषांत बदलून) पीडीएफ द्या, म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट असो-नसो, मजकूर हलत नाही.

व्हिडिओत खरा पेच कॅमेऱ्याच्या फाईलचा असतो. हल्लीचे बरेच मिररलेस कॅमेरे एच.२६५ या दाबून साठवणाऱ्या स्वरूपात, १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती) असं शूट करतात. रंग चांगले येतात, पण ती फाईल उलगडायला प्रोसेसरमध्ये खास सोय लागते. एम१ पासूनच्या सगळ्या मॅकमध्ये ती आहे. विंडोजमध्ये ती इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये असते. १२ व्या पिढीचा किंवा पुढचा आय-५ घेतला की काम भागतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ४:२:२ ची सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली, त्याआधीच्या महागड्या कार्डांतही नाही.

इथेच दुकानात पैसे चुकीच्या जागी जातात. कोटेशनमध्ये ‘आय-५ १२४००एफ’ लिहिलेलं असतं, हजार-दोन हजारांनी स्वस्त म्हणून. त्या शेवटच्या ‘एफ’चा अर्थ, आतलं ग्राफिक्स बंद. मग एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० कार्ड लावूनसुद्धा टाइमलाइन अडखळते आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. एफ नसलेला प्रोसेसर घ्या. वेगळं कार्ड लावल्यावर काही मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, म्हणून बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ते चालू करायला लावा. नंतर प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘मीडिया’ उघडून हार्डवेअर डिकोडिंगला टिक करा. फुटेज चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये इंटेल जीपीयूचा ‘व्हिडिओ डिकोड’ आलेख हलला पाहिजे. हलत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतोय.

सॉफ्टवेअरचं गणित सोपं आहे. व्हिडिओ एडिटिंगचं एडियस फक्त विंडोजवर, व्हिडिओचं फायनल कट आणि आवाजाचं लॉजिक फक्त मॅकवर. प्रीमियर आणि फोटोशॉप दोन्हीकडे. एडिटिंग आणि रंगांचं दा विंची रिझॉल्व्ह दोन्हीकडे आणि लिनक्स या फुकट सिस्टिमवरही. तुमचा मिक्सिंगवाला एडियसचा प्रोजेक्ट मागत असेल तर पर्याय उरत नाही.

मशीन दुकानात बघताना आपली डिस्क घेऊन जा. तिच्यात कॅमेऱ्याची दोन मिनिटांची क्लिप, कासच्या पठारावरची ड्रोन क्लिप असेल तर ती, आणि एक ट्रायल प्रोजेक्ट ठेवा. तीन थर लावा, रंग करा, फुल रिझोल्यूशनवर चालवा आणि ड्रॉप फ्रेमचा (सुटलेल्या फ्रेमचा) दिवा बघा. मग दहा मिनिटांचा एक्सपोर्ट सलग लावून पंख्याचा आवाज ऐका. पहिल्या मिनिटाला सगळीच मशीन पळतात, तापल्यावर कोण मंदावतं ते आठव्या-नवव्या मिनिटाला कळतं. शेवटी टायटलमध्ये हे शब्द टाका: चि. सौ. कां., कीर्ती, विद्यार्थी, दऱ्याखोऱ्या. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा रफार सुटला, तर मशीन खराब नाही. प्रीमियरच्या ‘ग्राफिक्स’ प्रेफरन्समध्ये टेक्स्ट इंजिन ‘साऊथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा आणि मजकूर नव्याने टाइप करा. आणखी एक खोच: विंडोजवर निर्मला यूआय आणि मॅकवर कोहिनूर देवनागरी हे आपापले फॉन्ट आहेत. प्रोजेक्ट एकीकडून दुसरीकडे गेला की नावं सरकतात, म्हणून दोन्हीकडे एकच फॉन्ट टाकून ठेवा.

रॅम १६ जीबीच्या खाली घेऊ नका, ४के करणार असाल तर ३२. विंडोजमध्ये १६ वर सुरू करून पुढच्या सीझनला वाढवता येते. मॅकमध्ये घेतानाच काय ते घ्या, नंतर वाढत नाही. २०२४ ची एम४ मॅक मिनी ५९,९०० रुपयांपासून आली, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी जागा. त्यात मॉनिटर, की-बोर्ड, माऊस नाही, आणि २५६ जीबी जागा लग्नाच्या कामाला काहीच नाही. हिशोब बघा: १०० एमबीपीएसवर एका तासाचं फुटेज ४५ जीबी. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले की ५४० जीबी. म्हणजे बाहेरची २ टीबी एसएसडी मॅकच्या किमतीतच धरायची. ती जोडताना मोबाईल चार्जिंगची टाइप-सी केबल वापरू नका. तीतून सेकंदाला जेमतेम ४० एमबी जातात, डिस्क कितीही भारी असो.

डिस्क फॉरमॅट करायच्या पद्धती वेगळ्या असतात. मॅकवर विंडोजची एनटीएफएस डिस्क वाचता येते, लिहिता येत नाही. मॅकची एपीएफएस डिस्क विंडोजला दिसतच नाही. देवाणघेवाणीची डिस्क दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण एडिटिंग तिच्यावर नको. लिहिताना लाईट गेली किंवा केबल निघाली तर एक्सफॅटमधली फाईलींची अख्खी यादी बिघडू शकते. फायनल कटची लायब्ररी एपीएफएस डिस्कवरच ठेवा.

लाईटचा विषय आपल्याकडे वेगळा सांगायला नको. एम४ मिनी जास्तीत जास्त ६५ वॅट खाते, त्यामुळे ६०० व्हीएचा साधा यूपीएस मॉनिटरसकट सांभाळतो. कार्डवाला विंडोज टॉवर रेंडरला ३०० वॅटपर्यंत जातो. त्याला किमान १,००० व्हीएचा, शक्यतो प्युअर साइन वेव्हचा (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) यूपीएस घ्या. स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर चांगल्या एसएमपीएसला (संगणकाच्या पॉवर सप्लायला) मानवत नाही आणि लाईट गेल्या क्षणी मशीन रीस्टार्ट होतं. बॅकअपची दुसरी डिस्क तळमजल्याच्या गाळ्यात ठेवू नका. सांगलीने २०१९ आणि २०२१ असे दोन पूर पाहिले आहेत.

आवाजाच्या कामात मॅकला माझा सरळ कौल आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याची रेकॉर्डिंग करायची तर खोलीत पंख्याची घरघर नको, आणि मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. मॅकवर ऑडिओ इंटरफेस (माइक जोडायचं यंत्र) बहुतेक वेळा नुसता जोडला की चालतो. विंडोजवर आवाजाचा उशीर कमी करणारा कंपनीचा असिओ ड्रायव्हर टाकावा लागतो. तो नसेल तर गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागाहून येतो. बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) १२८ सॅम्पल ठेवा, ४८ किलोहर्ट्झला तो सुमारे २.७ मिलिसेकंदांचा होतो. मिक्स करताना १,०२४ वर न्या, म्हणजे कट्‌कट् थांबते.

लिनक्स ब्लेंडर (थ्रीडी), क्रिता (चित्रं), आर्डर (आवाज) यांसाठी उत्तम. पण रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४-२६५ उघडत नाही, प्रीमियर येतच नाही. लग्नाच्या धंद्याला तो पहिला संगणक म्हणून नको.

दुरुस्तीचं म्हणाल तर, विंडोज पीसीचा एसएमपीएस किंवा रॅम गेली तर गावातच मिळते. मॅकचा बोर्ड गेला तर अधिकृत सेवा केंद्र गाठावं लागतं. सर्वांत जवळचं कुठे आहे ते ॲपलच्या साइटवर घेण्याआधी पाहा आणि सीझनमध्ये आठवडाभर मशीन नसेल तर काय, हे ठरवून ठेवा. इंटेल प्रोसेसरचा जुना मॅक स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, मॅकओएस टाहो ही त्याची शेवटची आवृत्ती.

मॅकवर गेलात तरी जुना विंडोज पीसी किमान एक सीझन विकू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून इंटरनेटची वायर काढून टाका, डोंगल लावलेलं राहू द्या. गेल्या वर्षीच्या पत्रिकेत फक्त तारीख बदलून मागणारा गिऱ्हाईक आला, की ती फाईल तिथेच उघडेल.