स्टार क्रिकेटरने थांबायचं कधी, हे ओळखायचं कसं

आधी ते करिअर अ‍ॅव्हरेज बघणं बंद करा. दीडशे टेस्ट खेळलेल्या माणसाच्या दहा इनिंग सलग फ्लॉप गेल्या तरी अ‍ॅव्हरेज दीड-दोन रनांनीच हलतं, त्यावरून काय कळणार, कप्पाळ.

बघायचं ते आउट कसा होतोय. कट लागून स्लिपमध्ये कॅच गेला तर ठीक आहे, चांगला बॉल पडला म्हणून सोडून द्या. पण आत येणाऱ्या साध्या बॉलवर बॅट-पॅडच्या फटीतून दांडी उडायला लागली, एलबी परत परत व्हायला लागला की समजायचं, पाय उशिरा हलतोय. द्रविडचंच घ्या ना, 2011 ला इंग्लंडमध्ये बाकीचे ढेपाळले तेव्हा ह्याने तीन सेंच्युरी मारल्या, आणि काही महिन्यांत ऑस्ट्रेलियात हाच माणूस सारखा सारखा बोल्ड. मार्च 2012 मध्ये गप थांबला.

मग फील्डिंग. कॅप्टन त्याला कुठे लपवतोय ते बघा, स्लिपमधून मिडऑनला, तिथून शॉर्ट फाइन लेगला. आणि बॅटिंग करताना जिथे आरामात दोन निघतात तिथे एक पळून ग्लोव्ह्जचं वेल्क्रो काढत-लावत उभा राहतो, पार्टनर अर्ध्या पिचवरून परत.

रेकॉर्डसाठी ताणू नये हे माझं स्पष्ट मत. कपिलने 1994 ला न्यूझीलंडच्या हॅडलीचा 431 टेस्ट विकेटचा रेकॉर्ड मागे टाकला आणि 434 वर थांबला, पण तोवर त्याच्या बॉलिंगची धार गेली होती. सचिनच्या शंभराव्या शतकासाठी मार्च 2011 ते मार्च 2012 आपण सगळेच ताटकळलो (मी कट्टर सचिनवाला आहे, तरी लिहितोय).

सगळं एकदम सोडायलाच पाहिजे असंही नाही. धोनीने 2014 च्या डिसेंबरात मेलबर्नला टेस्ट सोडली, वनडे पुढे 2019 पर्यंत खेळला.

डाउट असेल तर सरळ रणजी खेळायचं, विशीतला फास्ट बॉलर नाव बघून बॉल टाकत नाही, अंगावरच टाकतो, दोन मॅचमध्ये कळतं.

एकदा ठरलं की फेअरवेल मॅचची वाट बघू नये. लक्ष्मण 2012 ला टीममध्ये सिलेक्ट झालेला असताना, घरच्या हैदराबादची टेस्ट समोर असताना थांबला. कुंबळे तर 2008 ला सिरीज चालू असताना, हाताला टाके पडलेले, दिल्लीच्या कोटला मैदानावरच थांबला.