खानापूरच्या पावसात टिकणारी सोलर बॅटरी कशी निवडायची

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला रानातल्या घरावर सोलर बसवायचं म्हटलं की चार महिन्यांचा पाऊस डोळ्यांसमोर येतो, आणि परवडेल तेवढी मोठी बॅटरी घेण्याकडे कल जातो. पैसे बुडतात ते इथेच. लेड-ॲसिड (शिसं आणि ॲसिडची) बॅटरी मोठी आणि पॅनेल तोकडं असलं तर ती कधीच पुरती भरत नाही. अर्धवट भरलेली राहिली की प्लेटवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि पाच-सहा वर्षं चालायची बॅटरी दोन वर्षांत बसते. म्हणून पॅनेलला भरता येईल एवढीच बॅटरी घ्या.

आधी रोजची वीज वहीत मांडा. ९ वॅटचे ६ एलईडी दिवे ५ तास म्हणजे २७० वॅट-तास. ३० वॅटचे २ बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ८ तास, ४८०. टीव्ही २००, मोबाईल ५०, मिक्सर ८५, लहान फ्रिज ९००. बेरीज १,९८५. इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो, तेव्हा ०.८५ ने भागा: २,३३५ वॅट-तास, म्हणजे सव्वादोन युनिटांच्या (एक युनिट १,००० वॅट-तास) थोडं वर.

ऊन नसताना दोन दिवस चालायचं तर ४,६७० लागतील. ट्यूब्युलर (नळीदार प्लेटांची लेड-ॲसिड) बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून दुप्पट करा: ९,३४०. २४ व्होल्टने भागलं की ३८९ एएच (अँपिअर-तास, बॅटरीत किती मावतं त्याचं माप). म्हणजे १२ व्होल्ट २०० एएचच्या चार बॅटऱ्या, दोन-दोन सिरीजमध्ये (एकीची प्लस दुसरीच्या मायनसला) जोडून त्या जोड्या पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस). त्यापेक्षा २ व्होल्ट ४०० एएचचे १२ सेल एकाच ओळीत बसवणं चांगलं. पॅरलल ओळी वाढल्या की एक ओळ जास्त राबते, दुसरी आळशी राहते, आणि राबणारी आधी मरते. चार बॅटऱ्याच घेतल्या तर इन्व्हर्टरची प्लस वायर पहिल्या जोडीवरून आणि मायनस दुसऱ्या जोडीवरून काढा, म्हणजे दोन्ही ओळींना सारखा रस्ता मिळतो.

आता पॅनेल. ट्यूब्युलर बॅटरीला एएचच्या साधारण दहा टक्के करंट हवा. ४०० एएचला ४० अँपिअर, चार्जिंगच्या २८ व्होल्टवर १,१२० वॅट. उष्णता, धूळ, वायरीतली घट धरून १,५०० वॅटच्या खाली जाऊ नका. ५४० वॅटची तीन पॅनेल बसतात.

आषाढात काय होईल तेही मांडून बघा. ही तीन पॅनेल स्वच्छ दिवशी पाच-साडेपाच युनिट देतात. दाट ढगात पंधरा टक्के धरले तर जेमतेम ०.८ युनिट. रोज दीड युनिटाची तूट पडते आणि बॅटरी तीन दिवसांत निम्म्यावर येते. फ्रिज बंद केला तर रोजचा खर्च १.२७ युनिट, तूट अर्ध्या युनिटाच्या आत, आणि तीच बॅटरी दहा दिवस पुरते. तिप्पट बॅटरी घेऊन जे मिळालं असतं ते एक स्विच बंद करून मिळतं.

तरी ट्यूब्युलरला या दिवसांत अर्धपोटी राहावं लागतंच. म्हणून खानापूरच्या पश्चिमेला आम्ही लिथियम फेरो फॉस्फेट सुचवतो: तिला अर्धवट भरलेलं राहिल्याने काही होत नाही. २५.६ व्होल्ट २०० एएचचा पॅक ५.१२ युनिटांचा, नव्वद टक्के वापरले तर ४.६ मिळतात, म्हणजे वरच्या चार बॅटऱ्यांचं काम. घेताना बीएमएस (पॅक सांभाळणारं आतलं सर्किट) सतत किती अँपिअर देतो ते विचारा. २ किलोवॅटच्या इन्व्हर्टरला पूर्ण लोडवर ९० च्या वर लागतात, म्हणून १०० अँपिअरचा हवाच. चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीकडे जाणारा करंट सांभाळणारा) लिथियमवर लावा आणि इक्वलायझेशन (लेड-ॲसिडला मुद्दाम द्यायचं जास्तीचं चार्जिंग) बंद ठेवा. अथणी-रायबागकडे ऊन भरपूर, तिथे ट्यूब्युलर सुखाने चालते. फक्त पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं.

दुकानात लेबल वाचा. सोलर बॅटरीवर सी-१० लिहिलेलं असतं, घरगुती इन्व्हर्टर बॅटरीवर बहुधा सी-२०. सी-२० चे १५० एएच म्हणजे २० तासांत सावकाश काढलेले. १० तासांत काढले तर ती तेवढे देत नाही. ट्रॅक्टर-ट्रकची बॅटरी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. तिच्या प्लेटा पातळ असतात, स्टार्टरला क्षणभर मोठा करंट द्यायला केलेल्या. रोज निम्मी उतरवली की काही महिन्यांत जाते. उत्पादनाची तारीख बघा आणि मल्टिमीटर लावा. १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर ती दुकानातच उपाशी पडली आहे, दुसरी मागा.

ट्यूब्युलर घरी आणल्यावर पुरती चार्ज करा आणि प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी (ॲसिडचा दाटपणा) वहीत लिहा. हायड्रोमीटरचा (ग्रॅव्हिटी मोजायच्या नळीचा) फुगा दाबून ॲसिड ओढा, नळी डोळ्यांच्या रेषेत उभी धरा आणि आतला फ्लोट काचेला न चिकटता मोकळा तरंगू द्या. १.२४० च्या आसपास यायला हवी. एखादा सेलच खूप मागे असेल तर बॅटरी परत करा, कारण सिरीजमध्ये तोच सेल बाकीच्यांना ओढतो. याच कारणाने जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडायची नाही.

बॅटरीच्या प्लसजवळच डीसी फ्यूज टाका. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून घट्ट करा, पेट्रोलियम जेली लावा, आणि पूर्ण लोडवर चालू असताना वायरीच्या इन्सुलेशनवरून हात फिरवा: एखादी जोडणी गरम लागली तर ती ढिली आहे. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून खोलीला छताजवळ झरोका हवा आणि तिथे देवाचा दिवा नको. पाणी डिस्टिल्डच घाला, विहिरीचं नाही, आणि चार्ज पुरता झाल्यावरच. आधी वरपर्यंत भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड उतू जातं.