माउंट केलेल्या इमेजचं ड्राइव्ह अक्षर सारखं बदलतंय? या चुका टाळा

इमेज म्हणजे सबंध सीडीची किंवा डिस्कची एका फाइलमधली प्रत. ती माउंट केली, म्हणजे जोडली, की विंडोज तिला ड्राइव्हसारखं अक्षर देतं. बॅच फाइलमध्ये (ओळीने चालणाऱ्या कमांडच्या फाइलमध्ये) ई ड्राइव्ह लिहून ठेवलाय आणि इमेज आज जी या अक्षरावर उघडली आहे. रात्रीचा बॅकअप पाथ सापडत नाही म्हणून अडतो. त्याहून वाईट म्हणजे नेमका त्या वेळी ई वर कुणाचा तरी पेनड्राइव्ह असतो आणि फाइली तिकडे उतरतात. डीटीपीच्या संगणकांवर जुन्या क्लिपआर्ट सीडींच्या आयएसओ, म्हणजे सीडीच्या इमेज फाइली, करून ठेवलेल्या असतात. अक्षर हललं की पेजमेकरमधल्या चित्रांच्या लिंक तुटतात आणि छपाई तोंडावर असताना एकेक चित्र पुन्हा जोडत बसावं लागतं. अशा वेळी लोक विंडोज नव्याने टाकायला निघतात. त्याची गरज नसते, कारण विंडोज अक्षर वाटतं ते ठरलेल्या नियमानेच.

आयएसओ आणि व्हीएचडी एकच समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. विंडोज ८ पासून दोन्ही फाइली डबल-क्लिकने माउंट होतात, त्यामुळे त्यांच्यात फरक आहे हे जाणवतच नाही.

व्हीएचडी किंवा तिचं नवं रूप व्हीएचडीएक्स ही हार्डडिस्कची इमेज असते. ती जोडली की विंडोजला हार्डडिस्क म्हणून दिसते आणि तिला स्वतःची ओळख असते. एमबीआर (पार्टिशन पाडायची जुनी पद्धत) डिस्क असेल तर तिच्यावर लिहिलेली ४ बाइटांची सिग्नेचर आणि पार्टिशन जिथून सुरू होतं ती जागा. जीपीटी (नवी पद्धत) असेल तर पार्टिशनचा जीयूआयडी, म्हणजे त्याचा एकमेव ओळख क्रमांक. विंडोजमधला माउंट मॅनेजर ही ओळख आणि तिला दिलेलं अक्षर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) एचकेएलएमच्या सिस्टम शाखेत, माउंटेडडिव्हायसेस या की खाली लिहून ठेवतो. म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये एकदा हाताने व्ही अक्षर दिलं की त्या संगणकावर पुढच्या वेळीही तिला व्ही मिळतं. अट एकच, ते अक्षर तेव्हा मोकळं हवं.

आयएसओसाठी विंडोज आभासी डीव्हीडी ड्राइव्ह उभा करतं आणि नोंद होते ती त्या ड्राइव्हची. आत कोणती फाइल आहे याच्याशी त्या नोंदीचा संबंध नसतो. पहिली आयएसओ पहिल्या आभासी ड्राइव्हमध्ये जाते, दुसरी दुसऱ्यात. रोज त्याच क्रमाने माउंट केल्या तर अक्षरं महिनोन्‌महिने तीच राहतात आणि ती पक्की झाली असा समज होतो. एखाद्या दिवशी दुसरी फाइल आधी उघडली गेली की दोघींच्या अक्षरांची अदलाबदल होते.

रोज लागणारी आयएसओ असेल तर माझा आग्रह असा, की एक जीपीटी व्हीएचडीएक्स तयार करा, आयएसओतला मजकूर तिच्यात कॉपी करा, तिला अक्षर देऊन टाका आणि नंतर रीड-ओन्ली जोडा. काही जुने प्रोग्रॅम मात्र सीडी ड्राइव्हच शोधतात. त्यांना हा उपाय चालत नाही.

व्हीएचडीची कॉपी करून दोन्ही वापरणं

फाइल कॉपी केली की सिग्नेचरही जशीच्या तशी जाते. मूळ आणि कॉपी एकाच वेळी जोडल्या तर दुसरी डिस्क ऑफलाइन दिसते. तिला ऑनलाइन केलं की विंडोज नवी सिग्नेचर लिहितं, मग रजिस्ट्रीतली जुनी नोंद तिला लागू होत नाही आणि अक्षर नवं मिळतं. डिस्कपार्टमध्ये (विंडोजच्या डिस्कसाठीच्या कमांड साधनात) डिस्क निवडून ‘युनिकआयडी डिस्क’ ही कमांड दिली की सध्याची ओळख दिसते. दोन्ही प्रतींची ताडून पाहा.

याची उलट बाजू जास्त धोक्याची आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. मूळ डिस्क जोडलेली नसताना जुनी कॉपी एकटी जोडली, तर ओळख तीच असल्याने तिला मूळ डिस्कचंच अक्षर मिळतं. एररही येत नाही. तुमची स्क्रिप्ट निमूटपणे गेल्या महिन्याच्या कॉपीत लिहीत राहते. व्हॉल्यूमचं नावही दोन्हींत सारखंच असल्यामुळे तेही मदतीला येत नाही. म्हणून बॅकअपच्या प्रती फक्त पाहायच्या असतील तर रीड-ओन्लीच जोडा.

नेटवर्क ड्राइव्हला मधलं अक्षर देणं

मॅप केलेला नेटवर्क ड्राइव्ह वापरकर्त्याच्या लॉगिनपुरता असतो. माउंट मॅनेजर अक्षर वाटताना तो धरत नाही, त्यामुळे सर्व्हरच्या फोल्डरला दिलेलं एफ अक्षर इमेजलाही मिळू शकतं. मग एक्सप्लोररमध्ये एफ वर सर्व्हर दिसतो आणि अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीत त्याच एफ वर इमेज. नेटवर्कसाठी झेडपासून मागे येत अक्षरं द्या, इमेजना पी ते व्ही ठेवा, सुरुवातीची पेनड्राइव्हसाठी सोडा. कार्ड रीडरचे रिकामे खाचेसुद्धा अक्षरं अडवतात आणि एक्सप्लोरर ते बहुधा दाखवत नाही. डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ दिलं की कळतं.

स्क्रिप्टमध्ये अक्षर गृहीत धरणं

माउंट केल्यावर अक्षर विंडोजलाच विचारा. पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड खिडकीत) माउंट-डिस्कइमेज या कमांडला फाइलचा पूर्ण पाथ द्या, पासथ्रू पर्याय लावा आणि आयएसओ असेल तर निकाल थेट गेट-व्हॉल्यूमकडे सोपवा, व्हीएचडी असेल तर आधी गेट-डिस्क आणि गेट-पार्टिशनकडे, मग गेट-व्हॉल्यूमकडे. मिळालेलं अक्षर व्हेरिएबलमध्ये ठेवून पुढचं सगळं काम त्यावर करा. आयएसओला ठरावीकच अक्षर हवं असेल तर नोड्राइव्हलेटर पर्यायाने माउंट करा, गेट-व्हॉल्यूमकडून युनिकआयडी घ्या आणि अ‍ॅडमिन खिडकीतून माउंटव्हॉल या कमांडने हवं ते अक्षर जोडा. व्हीएचडी असेल तर अक्षर टाळण्याचीही सोय आहे: एनटीएफएस डिस्कवरच्या रिकाम्या फोल्डरवर ती माउंट करा. पाथ त्या फोल्डरचा राहतो.

डबल-क्लिकने माउंट केलेली इमेज संगणक रीस्टार्ट केल्यावर जोडलेली राहत नाही. त्यासाठी टास्क शेड्यूलरमध्ये एकच स्क्रिप्ट ठेवा आणि तिच्यातून इमेज एकेक करून माउंट करा. दोन वेगळी टास्क एकाच क्षणी सुरू केलीत तर आधी कोण पोहोचेल हे सांगता येत नाही.

इमेज जोडली जाते पण अक्षरच येत नाही, असं झालं तर डिस्कपार्टमध्ये ‘ऑटोमाउंट’ टाइप करून ते बंद आहे का पाहा. ‘ऑटोमाउंट एनेबल’ने ते सुरू होतं.

आधीच रजिस्ट्री साफ करणं

माउंटव्हॉल स्लॅश आर ही कमांड सध्या हजर नसलेल्या व्हॉल्यूमच्या नोंदी काढून टाकते. पण त्या क्षणी न जोडलेल्या व्हीएचडी आणि काढून ठेवलेले पेनड्राइव्ह यांची अक्षरंही त्यात जातात. म्हणून ती शेवटी वापरा. चालवण्याआधी नेहमीच्या सगळ्या व्हीएचडी आणि बाहेरच्या हार्डडिस्क जोडून घ्या, आणि माउंटेडडिव्हायसेसची की एक्सपोर्ट करून ठेवा.