आयपी दिला, तरी पोर्ट बंदच?

सावदा-रावेरकडच्या केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात नवा सिस्को राउटर बसवताय? इंटरफेसला, म्हणजे राउटरच्या पोर्टला, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि सबनेट मास्क (त्या पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठला ते सांगणारा आकडा) दिला म्हणजे काम झालं असं समजू नका. या राउटरचे पोर्ट मुळात बंदच असतात. त्याच इंटरफेसवर ‘नो शटडाउन’ ही पोर्ट चालू करणारी कमांड द्यावीच लागते. मग ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ या कमांडने पोर्टांची स्थिती बघा. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ दिसलं तर ‘नो शटडाउन’च द्यायचं राहिलंय. नुसतं ‘डाउन’ असेल तर आधी केबल आणि समोरचा स्विच तपासा. स्टेटस आणि प्रोटोकॉल, दोन्ही रकान्यांत ‘अप’ आलं की लगेच ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही कमांड देऊन सेटिंग सेव्ह करा. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि सेव्ह न केलेलं सगळं रॅममधून, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतून, पुसलं जातं.