उघड्या पृष्ठभागाचा फ्लक्स: तळ बसवा, मोजा, वजा करा

गॉसचे डायव्हर्जन्स प्रमेय बंद पृष्ठभागाबद्दल बोलते: आतल्या घनभागावर डायव्हर्जन्सचे (सदिश क्षेत्र प्रत्येक बिंदूपासून किती बाहेर पसरते त्याचे माप) ट्रिपल इंटिग्रल घेतले की पृष्ठभागातून बाहेर जाणारा एकूण फ्लक्स, म्हणजे पार जाणारा प्रवाह, मिळतो. परीक्षेत मात्र पृष्ठभाग बहुतेक वेळा उघडा देतात: नुसता अर्धगोल, तळ नसलेला शंकू, उपडी वाटी. प्रमेय पाठ असलेल्यांचेही गुण इथेच जातात. उपाय सोपा आहे, पण प्रत्येक पायरीला चिन्ह सांभाळावे लागते. म्हणून एकच गणित शेवटपर्यंत नेऊ.

गणित: झ = ४ − क्ष² − य² या पॅराबोलॉइडचा झ = ० च्या वरचा भाग घ्या. फ = (क्ष³, य³, झ + ५) या सदिश क्षेत्राचा त्यातून वरच्या दिशेने जाणारा फ्लक्स काढा.

पुढे र म्हणजे झ-अक्षापासूनचे अंतर, म्हणून क्ष² + य² = र². थीटा म्हणजे झ-अक्षाभोवतीचा कोन.

१. दोन आकृत्या काढा. एक बाजूने: शिखर ४ उंचीवर, पाय र = २ वर टेकलेले. दुसरी वरून: २ त्रिज्येचे वर्तुळ. ट्रिपल इंटिग्रलच्या मर्यादा या दोन आकृत्यांतूनच वाचायच्या असतात. वरून काढलेल्या आकृतीतून र आणि थीटा मिळतात, बाजूच्या आकृतीतून झ. आकृती न काढता समीकरणावरून मर्यादा लिहायला गेले की चूक जवळपास ठरलेली.

२. तळ बसवा. ही वाटी खालून उघडी आहे. झ = ० या प्रतलावरची २ त्रिज्येची चकती तिला लावली की पृष्ठभाग बंद होतो. आता नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाला लंब असलेली दिशा, ठरवा. बंद पृष्ठभागाला सगळीकडे *बाहेरचा* नॉर्मल लागतो, म्हणजे वाटीवर तो वर आणि तळावर खाली. वाटीच्या बाबतीत प्रश्नातली दिशा आणि प्रमेयाची दिशा एकच निघाली. प्रश्नात ‘खालच्या दिशेने’ असते, तर शेवटच्या उत्तराचे चिन्ह उलटवावे लागले असते. ते आधीच समासात लिहून ठेवा, शेवटी आठवत नाही.

३. डायव्हर्जन्स काढा. क्ष³ चे क्ष-सापेक्ष विकलन ३क्ष², य³ चे य-सापेक्ष ३य² आणि झ + ५ चे झ-सापेक्ष १. बेरीज ३क्ष² + ३य² + १, म्हणजेच ३र² + १.

४. ट्रिपल इंटिग्रल. आकार झ-अक्षाभोवती सारखा आहे, म्हणून सिलिंड्रिकल निर्देशक (र, थीटा, झ) घ्या. घनफळाचा छोटा तुकडा र डी-झ डी-र डी-थीटा. मर्यादा: झ ० ते ४ − र², र ० ते २, थीटा ० ते २π.

झ आधी सोडवा. ३र² + १ मध्ये झ नाहीच, म्हणून नुसता ४ − र² ने गुणाकार होतो:
(३र² + १)(४ − र²) = ४ + ११र² − ३र⁴
र ने गुणून: ४र + ११र³ − ३र⁵
० ते २ इंटिग्रेट करून: ८ + ४४ − ३२ = २०
थीटाचे २π धरून: ४०π

क्रम बदलूनही पाहता येते. झ बाहेर ठेवला, ० ते ४, तर र ची वरची मर्यादा (४ − झ) चे वर्गमूळ होते. आतून ३(४ − झ)²/४ + (४ − झ)/२ मिळते आणि ० ते ४ इंटिग्रेट केल्यावर १६ + ४ = २०. वेळ असेल तर ही पडताळणी करावीच. मर्यादा चुकल्या असतील तर दोन क्रमांची उत्तरे सहसा जुळत नाहीत.

५. तळाचा फ्लक्स. झ = ० वर क्षेत्राचा झ-घटक ० + ५ = ५. बाहेरचा नॉर्मल खाली, म्हणून बिंदू-गुणाकार −५. चकतीचे क्षेत्रफळ ४π. फ्लक्स −२०π.

६. वजा करा. वाटी + तळ = ४०π, म्हणून वाटी = ४०π − (−२०π) = ६०π.

याचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. तळातून २०π इतका प्रवाह आत येतो, आतले स्रोत आणखी ४०π निर्माण करतात आणि सगळे मिळून ६०π वाटीतून बाहेर पडते. हा हिशोब डोक्यात बसला की चिन्ह पाठ करावे लागत नाही.

उत्तर वेगळे आले तर चूक कुठे झाली ते उत्तरच सांगते.

४०π आले, तर तळ वजा करायचा राहिला. २०π आले, तर तळाचा नॉर्मल वर धरला.

१३२π आले, तर झ ची मर्यादा ० ते ४ घेतली. मग वाटीऐवजी वृत्तचितीचे घनफळ मोजले गेले.

८४४π/१५ असा विचित्र अपूर्णांक आला, तर तुकड्यातला र विसरला. र म्हणजे या रूपांतराचा जेकोबियन: केंद्रापासून लांब गेले की त्याच कोनाची फाक रुंद होते आणि ती रुंदी र मुळे हिशोबात येते.

९२π ही सगळ्यात फसवी चूक. इथे ट्रिपल इंटिग्रलमध्ये क्ष² + य² च्या जागी ४ − झ भरलेले असते. ते समीकरण फक्त वाटीच्या *पृष्ठभागावर* खरे आहे. ट्रिपल इंटिग्रल आतल्या प्रत्येक बिंदूवर फिरते आणि तिथे क्ष² + य² हे ४ − झ पेक्षा कमी असते. गोलाच्या गणितात क्ष² + य² + झ² च्या जागी त्रिज्येचा वर्ग टाकणे ही याचीच बहीण. पृष्ठ इंटिग्रलमध्ये असे भरणे बरोबर, घनफळाच्या इंटिग्रलमध्ये चूक.

सरळ पद्धतीने पडताळा. वाटीचा पृष्ठभाग झ = ४ − क्ष² − य² असा मांडला, तर वरचा नॉर्मल (२क्ष, २य, १) येतो. त्याला एकक करायला जाऊ नका. एकक करताना ज्या लांबीने भागतो, तिनेच पृष्ठभागाचा तुकडा गुणला जातो आणि दोन्ही कटतात. बिंदू-गुणाकार २क्ष⁴ + २य⁴ + ९ − र². पहिल्या दोन पदांचे चकतीवरचे इंटिग्रल ३२π, उरलेल्याचे २८π. बेरीज ६०π.

डायव्हर्जन्स शून्य असेल तर काम आणखी कमी होते. ट्रिपल इंटिग्रल शून्य, म्हणून वाटीतून वर जाणारा फ्लक्स आणि तळातून वर येणारा फ्लक्स समान. वाटी विसरा, चकतीवर सोडवा. मात्र आधी पुढची अट तपासा.

प्रमेय लावण्यापूर्वी: क्षेत्र आणि त्याची विकलने आत *सगळीकडे*, सीमेवरसुद्धा, व्यवस्थित हवीत. याच वाटीवर फ = (क्ष, य, झ) ÷ (आरंभबिंदूपासूनच्या अंतराचा घन) हे क्षेत्र घ्या. डायव्हर्जन्स शून्य येतो. तळावर झ = ०, म्हणून तिथला फ्लक्सही शून्य. म्हणजे वाटीचा फ्लक्स शून्य? तसे शक्य नाही, कारण हे क्षेत्र आरंभबिंदूपासून दूर जाणारे आहे आणि वाटीच्या प्रत्येक बिंदूवर बाहेरच जाते. गडबड अशी की आरंभबिंदू नेमका तळावर आहे आणि तिथे भाजक शून्य होतो.

अशा वेळी आरंभबिंदूभोवती लहान त्रिज्येचा अर्धगोल कापून टाका. उरलेल्या भागात क्षेत्र स्वच्छ आहे, तिथे प्रमेय चालते. तळाच्या उरलेल्या सपाट कड्यातून काहीच जात नाही. त्यामुळे छोट्या अर्धगोलातून जेवढे वर येते तेवढेच वाटीतून बाहेर पडते. त्या अर्धगोलावर क्षेत्राची तीव्रता १ ÷ त्रिज्येचा वर्ग आणि पृष्ठफळ २π × त्रिज्येचा वर्ग. त्रिज्या कटून जाते आणि उत्तर २π येते. बिंदू तळावर नसून पूर्ण आत असता, तर संपूर्ण गोल कापावा लागला असता आणि बंद पृष्ठभागाचा एकूण फ्लक्स ४π आला असता. विद्युत प्रभाराच्या गॉस नियमात, तो गॉसियन (सीजीएस) एककांत लिहिला की, हाच ४π दिसतो.