डोंगरावरून जाताना टाकीचा खरा पल्ला

अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात ८० अश्वशक्तीचं घरी बांधलेलं विमान नेताना पल्ला मैलांत नाही, मिनिटांत मोजा. समजा टाकी ६० लिटरची. वापरता न येणारे ३, टॅक्सी (जमिनीवर विमान चालवत धावपट्टीपर्यंत नेणं) आणि चढाईचे १०, राखीव तासाचे १५ वजा केले की उरतात ३२. ताशी १५ लिटरने सव्वादोन तासही नाहीत. हवेतला खरा वेग ८५ नॉट (ताशी सागरी मैल) असला तरी समोरून २५ नॉट वारा असेल, तर जमिनीवरचं अंतर जेमतेम १२८ सागरी मैल. नियमाला दिवसा अर्धा तास राखीव चालतो, पण डोंगरात तो कमीच.

चढाईचा हिशेब सगळ्यात जास्त फसवतो. टर्बो (हवा दाबून पुरवणारं यंत्र) नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोतला लेडव्हिल विमानतळ ९,९३४ फुटांवर. तिथे २५ अंश तापमानाला घनता-उंची, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, साडेतेरा हजार फुटांच्या आसपास जाते. मग मिनिटाला दोनशे फूट चढणारं विमान मिनिटाला पाचशे फूट खाली ओढणाऱ्या वाऱ्याच्या झोतात खालीच जाणार.

म्हणून डोंगराची कडा समोरून नाही, ४५ अंशांत तिरपी गाठा, परतीचं वळण मोकळं ठेवा. कोलोरॅडोतल्या ला व्हेटासारखी खिंड धरून खालच्या रस्त्याच्या वरून उडत गेलात तर नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा अंतर वाढतं, तेही धरा. माथ्यावर वारा २५ नॉटच्या वर? उड्डाण उद्या पहाटे.